बारा टोपल्या आणि द्वादशी

बोनस सुरू झाला त्याच दिवशी दुपारी दोन वाजता आमच्या तीसही बायका सुऱ्या धुऊन उठल्या.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"घरी. बारा टोपल्या झाल्या आमच्या," भागीरथीबाय म्हणाली. ती सगळ्यांत वयस्कर, आणि ती उठली की सगळ्या उठत.

"अहो, आज बोनस आहे! तेराव्या टोपलीपासून जादा पैसे."

"ऱ्हाऊ देत मास्तर, तुमालाच," असं म्हणून ती निघाली. मागोमाग सगळी रांग.

मी तेव्हा रत्नागिरीला आंब्याच्या कॅनिंग कारखान्यात सुपरवायजर होतो. कॅनिंग म्हणजे हापूसच्या फोडी पाकात घालून डबा हवाबंद करायचा. डब्याला डाख द्यायला, म्हणजे झाकण झाळून बंद करायला पुरुष, आंबे सोलून फोडी करायला बायका. त्या खाडीकाठच्या वाड्यांतून येत. आंबा आधी आढीत, म्हणजे गवताच्या थरांत, पिकवायचा. आढीतला आंबा तयार झाला की दोन दिवसांत कापावाच लागतो. नाहीतर तो टाकायचा.

याआधी बायकांना रोजावर ठेवत. सात ते सहा बसायचं, मग टोपल्या कितीही होवोत. रोज चार-पाच जणी गैरहजर. मुंबईच्या हेड ऑफिसला हे पसंत नव्हतं. म्हणून त्यांनी पालेकरसाहेबांना पाठवलं.

पालेकरसाहेब सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे, भले गृहस्थ. अमेरिकेत निघालेली कारखाने चालवण्याची शास्त्रीय पद्धत ते शिकून आले होते. पद्धत सोपी होती. चांगला कामगार निवडायचा. त्याच्या हाताच्या प्रत्येक हालचालीला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉच लावून मोजायचं. त्यावरून दिवसाचं काम ठरवायचं. तेवढं करील त्याला पूर्ण रोज, जास्त करील त्याला बोनस.

पहिले तीन दिवस ते भागीरथीबायच्या समोर स्टूल टाकून बसले. तिने विचारलं, "ह्यांना नाडी बगायची हाय काय?"

मोजणीतून बारा टोपल्यांचं स्टँडर्ड निघालं. बायकांनी ते दोन वाजताच पुरं करून दाखवलं.

मला वाटलं, साहेब चिडतील. ते खूश झाले. "बघा! अकरा तासांचं काम सात तासांत. हात मोकळा झालाय. आता लोभ सुटायला थोडा वेळ द्या."

दुसऱ्या दिवशी बायका पावणेतीनला उठल्या. तेरा टोपल्या. तिसऱ्या दिवशी साडेतीनला, चौदा टोपल्या. चौथ्या दिवशी सव्वाचारला, पंधरा. गैरहजर एकही नाही.

साहेबांनी भिंतीवर आलेखाचा कागद लावला होता. लाल पेन्सिलीची रेघ पायरी-पायरीने वर चालली होती. "रोज पाऊण तास जास्त बसतात, अगदी नियमाने," ते म्हणाले. "असा शिस्तबद्ध लोभ मी पुस्तकातसुद्धा वाचला नव्हता."

रेघ त्यांनी तुटक ठिपक्यांनी पुढे वाढवली. पुढच्या आठवड्यात वीस टोपल्या येत होत्या. त्या हिशेबाने त्यांनी मुंबईला तार केली आणि बागायतदारांना दुप्पट आंब्याची ऑर्डर दिली. मी म्हटलं, "साहेब, चार दिवस थांबू या का?" ते म्हणाले, "तुम्ही देशावरची माणसं फार सावध." ते खरंच होतं. मी सांगलीकडचा. रत्नागिरीत तो माझा पहिलाच सीझन.

नाट्याच्या बंदराकडून दोन पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, भरून पिकत आलेला आंबा आला. आढ्या भरल्या. मग पॅकिंगची खोली भरली. मग साहेबांचं ऑफिस. ते टेबलाशी बसत तेव्हा आंब्याच्या राशीतून फक्त डोकं दिसे.

आणि त्याच आठवड्यात बायका सकाळी उशिरा येऊ लागल्या. आज आठला, उद्या पावणेनऊला. साहेबांना कळेना. गोंधळलेला माणूस नियमाला धरतो. त्यांनी फर्मान काढलं: सव्वासातला फाटक बंद, उशिरा येणारीला आत प्रवेश नाही.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला बायका फाटकाशी आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल. भागीरथीबायने बंद फाटक बघितलं, मला बघितलं, आणि म्हणाली, "आज सुट्टी काय? बरं झालं, लाकडं फोडायची ऱ्हायली हायत." सगळ्या हसत माघारी वळल्या.

आत आंब्याचा वास फारच गोड झाला होता. अजून दोन दिवस असेच गेले तर सगळा माल उकिरड्यावर जाणार, आणि पाठोपाठ आम्ही दोघे.

मी धावत जाऊन तिला गाठलं. "बाय, खरं सांगा. पैसे कमी वाटतात का?"

"पैशे कुणाला नको, मास्तर? पण ओहोटी कुणासाठी थांबते काय?" तिने डोक्यावरची पाटी खाली घेतली. पाटीभर मुळे. म्हणजे खाडीच्या चिखलात मिळणारे शिंपले. "पाणी उतरलं की हे काढायचे. घरात खायचे, उरले तर विकायचे. तुमचा पैसा येतो आठ दिवसांनी. खाडी रोज देते. मागं रोजावर होतो तवा पाळी लावून जायचो, चार चार जणी. तुमच्या सायबानं बारा टोपल्यांचं केलंन् तवापासून सगळ्यांनाच जाता येतं. देव त्याचं भलं करो."

"पण तुम्ही रोज पाऊण तास जास्त बसत होता!"

"ओहोटी रोज पाऊण तास पुढं जाते. लवकर जाऊन काय पाण्यात पोहायचं? बसल्या बसल्या दोन टोपल्या जास्त केल्या."

तिने मला हिशेबही शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. द्वादशीला बारांची पाऊणपट नऊ. नऊला भरती, तीनला ओहोटी. बोनसचा पहिला दिवस द्वादशीचा, म्हणून वाटेला तासभर धरून बायका दोनला उठल्या होत्या. आता पौर्णिमा उलटली होती; दुपारची ओहोटी अंधारात गेली होती आणि पहाटेची दुसरी ओहोटी सकाळी येत होती.

मी तिला घेऊनच ऑफिसात आलो. साहेबांनी सगळं ऐकलं. भिंतीवरचा कागद काढून त्यांनी समोर पसरला. मग पंचांग मागवलं. प्रत्येक टोकाखाली तिथी लिहिली. सगळी टोकं जुळली.

"म्हणजे मी आठवडाभर चंद्र मोजत होतो," ते म्हणाले. रडावं की हसावं अशा चेहऱ्याने बसले, आणि मग हसले.

भागीरथीबायला त्यांनी विचारलं, "आता किती वाजेपर्यंत बसाल?"

"हे चार दिवस मुळे थोडे कमी काढू, दहाला येतो. मग दिवेलागणीपर्यंत बसवा. सांजेला कोण जातंय खाडीत?"

दुसऱ्या दिवसापासून फाटक दहाला उघडलं. त्या चार दिवसांत बायकांनी रोज पंधरा-पंधरा टोपल्या कापल्या. बोनसही घेतला, अगदी मोजून. चार पाट्या आंबा अति पिकला होता, त्याचा जॅम केला. बाकी माल वाचला.

साहेबांनी मुंबईला रिपोर्ट पाठवला. कामाच्या वेळा यापुढे तिथी ठरवील, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं. हेड ऑफिसचे डायरेक्टर इंग्रज. त्यांचं उत्तर आलं: हे मिस्टर तिथी कोण, त्यांचं नाव पगारपत्रकात का नाही, आणि त्यांना कोणाच्या परवानगीने नेमलं?

साहेबांनी ते पत्र माझ्याकडे उत्तरासाठी पाठवलं. मी लिहिलं की सदर गृहस्थ बिनपगारी काम करतात. त्यावर मंजुरी आली.

पुढे मी आणखी तीन कारखान्यांत नोकरी केली. नव्या ठिकाणी गेलो की आधी कामगारांना विचारत असे, इथून सुटल्यावर तुम्ही कुठे जाता? निम्म्या अडचणी तिथेच कळायच्या. उरलेल्या निम्म्यांना मात्र पैसेच लागत.