रिमला तेल लावू नका

सिद्धप्पाच्या सायकल दुकानापाशी थांबल्याशिवाय आमच्या भागातला माणूस सहसा पुढे जात नसे. पंप बाहेरच ठेवलेला असायचा, ज्याची त्यानं हवा भरावी. चाक टणक असलं तरी चार वेळा पंप मारायचा, बाकड्यावर टेकायचं आणि गिरणीचा भोंगा होईपर्यंत गावभरच्या चौकशा करायच्या. मीही त्यातलाच. पेशानं प्राथमिक शाळेत मास्तर, स्वभावानं तापट. सिद्धप्पाशी माझं जमायचं तसं काही कारण नव्हतं, पण त्याला अर्ज लिहायला माझं अक्षर लागायचं.

अर्ज एकाच मागणीचे. दुकानापुढं रेल्वेचा पूल होता आणि त्याचा उतार थेट मोठ्या रस्त्याला मिळायचा. तिथं ‘सावकाश’ अशी पाटी लावा, एवढंच मागणं. दोन वर्षं मी अर्ज खरडले. शेवटी कंटाळून सिद्धप्पानं एक पत्रा कापला, स्वतः अक्षरं रंगवली आणि पाटी खांबाला बांधून टाकली. ‘सावकाश’मधला ‘श’ त्यानं उलटा काढला होता, तो मी दुरुस्त करून दिला.

तो मूळचा सीमेवरच्या मैंदर्गी गावचा. घरात कानडी, दुकानात मराठी. गिरणीवाल्यांच्या सायकलीच्या मागच्या मडगार्डावर तो आपल्याच रंगानं पांढरा पट्टा ओढून द्यायचा, अंधारात दिसावा म्हणून. भाड्याची सायकल तर ब्रेक दाबून बघितल्याशिवाय हातातच द्यायचा नाही. शाळेची घंटा व्हायची वेळ आणि हा गृहस्थ खाली वाकून रबर तपासतोय, माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

“मास्तर, उशिरा पोचलासा तर पोरं खूश होतील,” तो मान वर न करता म्हणायचा. “पोचलाच न्हाय तर वहिनी रडतील की.”

हे सगळं आम्ही चालवून घेत होतो. हसायचो ते खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारांची पूजा, आणि आमच्याकडं घरोघरचं हत्यार म्हणजे सायकल. ती धुवायची, झेंडू बांधायचा आणि खोबरेल तेलाचा बोळा हँडलपासून रिमपर्यंत फिरवायचा. सगळी सायकल लखलखली की सण झाला. सिद्धप्पा नेमका त्याच दिवशी सांगत सुटायचा, “रिमला तेल लावू नका. ब्रेकचं रबर रिमवर धरतं, तितं तेल आसलं की निसटतं.” ऐकतंय कोण! सणाच्या दिवशी सायकल कोरडी ठेवली तर लक्ष्मी रुसेल, असं बायका म्हणायच्या. मग दसऱ्याच्या सकाळी हा पुलाच्या माथ्यावर राखेचं पोतं घेऊन बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची रिम घासायचा. त्याला ‘राखेबुवा’ हे नाव मीच ठेवलं होतं.

बाकड्यावरचा दुसरा कायमचा माणूस म्हणजे धुळा. सांगोल्याकडचा धनगर. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं विकून सोलापुरात आला आणि गिरणीत लागला. सायकल त्याला सिद्धप्पानंच शिकवली, जुनी सायकलही त्यानंच बघून दिली. चौऱ्याहत्तरच्या दसऱ्याला धुळा हौसेनं ती घेऊन उतारावरून निघाला आणि पुलाच्या कठड्यावर आदळला. गुडघा कायमचा ताठला. पुढं गिरणीनं त्याला गेटवर बसवलं. “मेंढरामागं चालणाऱ्या गड्याला सायकल कशाला?” असं लोक म्हणायचे. पुढं पुढं कुणी म्हणायच्या आधी धुळा स्वतःच म्हणायचा आणि सगळ्यांच्या आधी हसायचा. सिद्धप्पा तेवढा हसत नसे. याला विनोद कळत नाही, असं माझं मत होतं.

आम्हाला ठाऊक नव्हतं ते आता सांगतो. धुळाची ती सायकल खंडेनवमीला सिद्धप्पानं स्वतः पुसली होती आणि प्रेमानं रिमलाही तेल लावलं होतं. आदळलेली सायकल दुरुस्तीला आली तेव्हा ब्रेकचं रबर तेलानं बुळबुळीत झालेलं त्यानं पाहिलं. धुळाला सांगावं, तर मित्र जाणार. सायकलवाल्यानंच माणूस पाडला म्हटल्यावर दुकानाचं नावही जाणार. त्यानं तोंड शिवून घेतलं आणि पुढच्या वर्षापासून ते तेलाचं सांगणं सुरू केलं, राखेचं पोतं उचललं.

अठ्ठ्याहत्तरची खंडेनवमी. दिवेलागणीला दुकानात पूजा झाली. फळीवर पाने, पक्कड, पंप मांडलेले, वर झेंडू. सिद्धप्पाची बायको निंगव्वा खोबरं वाटत होती. पंचवीसेक माणसं, तितक्याच चकाकत्या सायकली. सिद्धप्पानं नेहमीचं पालुपद सुरू केलं. गिरणीतला चनबसप्पा उद्या दोन पोरांना सायकलवर घेऊन सीमोल्लंघनाला जाणार होता. तो हसून म्हणाला, “दर वरसाला त्येच! आरं, तेलानं आजपातुर कोन पडलंय? एकाचं तरी नाव सांग!”

सगळे हसले. मीही हसलो. सिद्धप्पानं चनबसप्पाच्या सायकलीकडं पाहिलं. पुढच्या दांडीवर पोरासाठी छोटी सीट बसवलेली होती आणि रिम तेलानं चमकत होती. मग त्यानं बाकड्याकडं पाहिलं.

“धुळाचं नाव सांगतो,” तो म्हणाला.

धुळा सवयीनं हसायलाच लागला होता.

“धुळा, तुजी सायकल मी पुसली हुती. ह्याच हातानं रिमला तेल लावलं. ब्रेक लागला न्हाय तो त्येच्यानं. तुजी काय चूक नव्हती. तुला सायकल चांगली येत हुती.”

धुळानं आपल्या ताठलेल्या गुडघ्यावर हात ठेवला.

“चार वरसं,” तो म्हणाला. “चार वरसं मी माज्यावरच हासत आलो की रं.”

खोबऱ्याचा तुकडा बाकड्यावर ठेवून, काठी टेकत तो निघून गेला. मला माझी लाज वाटली. ते मेंढरांचं बोलणं मीही कितीदा बोललो होतो, आणि शाळेत मी पोरांना खरं बोला म्हणून शिकवत होतो.

सकाळी घरच्या चुलीतली राख बादलीत भरून मी पुलाकडं निघालो. सिद्धप्पा पोतं घेऊन पुढं चालला होता. माथ्यावर पोचलो तर रस्त्याच्या मधोमध धुळा उभा. काठी आडवी धरलेली.

“उतरा खाली. रिम दावा.”

त्याची काठी बघून भलेभले उतरत होते. सिद्धप्पाकडं त्यानं मान वळवली नाही. एकानं अडवायचं, दुसऱ्यानं घासायचं, आणि मी राख पुरवायची, असं संध्याकाळपर्यंत चाललं. चनबसप्पा आला तो सायकल हातात धरून, पोरांना चालवत. तरी धुळानं त्याची रिम बोटानं पुसून पाहिली आणि मगच काठी बाजूला घेतली.

दिवेलागणीला गर्दी सरली. लोकांनी दिलेली आपट्याची पानं सिद्धप्पाच्या खिशात होती. त्यातलं एक काढून तो धुळापुढं गेला. हात राखेनं पांढरा झाला होता. सोनं म्हणून ते पान त्यानं पुढं केलं.

“पायाचं मी इसरनार न्हाय,” धुळा म्हणाला.

“इसरू नगंस.”

धुळानं पान घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि पटक्यात खोचलं.

“फुडल्या वरसाला दोन पोती राख आन, ह्यी पुरली न्हाय. आन कुनी इचारलं, तेलानं कोन पडलंय, तर माजं नाव सांगत जा.” त्यानं काठी उचलली. “सायकल चांगली येत हुती त्येला, आसं बी सांग.”