गरम फडक्याचा सूड

सूड सकाळी घ्यावा, थंडीत घ्यावा आणि बघायला दहा-बारा माणसं असताना घ्यावा. मी घेतलाय, म्हणून सांगतो.

माझी गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी. अशा जुन्या इंजिनात कार्बोरेटरमधलं पेट्रोल हवेत मिसळून एका लोखंडी नळीतून आत जातं. नळी गार असली की त्याची नीट वाफ होत नाही, थेंब नळीलाच चिकटतात आणि इंजिन खोकत बसतं. म्हणून मी जळगावात एका पत्रेवाल्याकडून डबा करून घेतला. शेजारची धुराची नळी तापते, तिची ऊब या डब्यातून गार नळीला मिळते. थंडीत लावायचा, उन्हाळ्यात काढायचा.

एका मे महिन्यात ब्रेकच्या कामाला गाडी धुळ्याच्या मिस्त्रीकडे दिली आणि डबा काढायचा नेमका विसरलो. मिस्त्रीने बॉनेट उघडलं अन् अख्खं गॅरेज गोळा केलं.

"दखा रे दखा! जळगावना भाऊ इंजिनवर चहा ठेवस!"

मी थंडीचं कारण सांगितलं.

"चार दिवसांच्या थंडीसाठी इंजिनाला स्वेटर?"

त्याने डबा काढून गॅरेजच्या दारावर टांगला. परत मागितला तर म्हणे, "राहू दे भाऊ, गिऱ्हाईक हसतं."

त्याच क्षणी ठरवलं. हा माणूस याच लोकांसमोर चूक कबूल करेल. मी गुपचूप नवा डबा करून घेतला आणि थंडीची वाट पाहू लागलो.

आमच्याकडे उन्हाळ्यात पेट्रोल वाटेतच उकळू नये म्हणून त्याच्या नळीवर ओलं फडकं बांधतात. या मिस्त्रीच्या स्वतःच्या जुन्या गाडीत फडकं बारा महिने, तेही कार्बोरेटरखालच्या त्या लोखंडी नळीपर्यंत गुंडाळलेलं. डिसेंबरात आम्ही जुन्या गाड्यांचे शौकीन पहाटे धुळ्याहून दोंडाईच्याला निघालो. दोन्ही बाजूंना पाणी दिलेला गहू, त्यावर धुकं. पुढे मिस्त्रीची गाडी, आत त्याचं अख्खं गॅरेज; मागे मी, नवा डबा लावून. गाडी एकदा खोकली, दोनदा खोकली आणि गप्प झाली.

मी मागे थांबलो. बॉनेट उघडलं, तर फडक्याखाली नळीवर पांढरा बर्फ! खान्देशात! पेट्रोल उडताना नळीची ऊब ओढून घेतं, बाकीचं काम धुक्याने आणि ओल्या फडक्याने केलं. मला नाचावंसं वाटलं.

समोर चहाची गाडी होती. आधी मी एक कट चहा प्यायलो. सावकाश, बिस्कीट बुडवून. मग उकळत्या पाण्याची किटली घेऊन आलो.

"मिस्त्री, इंजिनावर चहा ठेवू का?"

त्याची माणसं खाली बघून हसू लागली.

"ठेव ना भो!" तो गुरगुरला.

"आधी कबुली."

तो रस्त्याकडे बघत पुटपुटला, "मनी चूक व्हयनी, भाऊ."

"मागे ऐकू गेलं नाही."

"मनी चूक व्हयनी!"

मग मी तेच फडकं पिळून नळीला गुंडाळलं आणि वर धार धरली. वाफ निघाली, बर्फ गळला. दुसऱ्या स्टार्टरला इंजिन असं धडाडलं की गव्हातले बगळे उडाले.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम धुळ्याला गेलो. दारावर डबा नव्हता. मिस्त्रीच्या गाडीचं बॉनेट उचललं, तर आत माझा डबा, चारही स्क्रू घट्ट.

"माझा आहे तो, मिस्त्री."

गिऱ्हाइकांदेखत त्याने एकेक स्क्रू स्वतः काढला. डबा हातात देताना हळूच पत्रेवाल्याचा पत्ता विचारला.

अजून दिलेला नाही.