पट्टा पडलेलं लुगडं

आमच्या घरच्या मागावर विणलेलं लुगडं माझ्या आईने आयुष्यात एकदाच नेसलं, आणि तेही बिघडलेलं. चांगलं कापड शेटजींच्या दुकानात जाणार आणि विणणाऱ्याच्या घरातल्या बायका बाजारातलं जाडंभरडं नेसणार, ही नागपूरच्या आमच्या विणकर वस्तीची रीतच होती. आईने ती हौसेखातर मोडली नाही. माझी चौथी बुडू नये म्हणून मोडली.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. वस्तीत मुलींची एक शाळा होती. तिसरीपर्यंतचे वर्ग कसेबसे चालत, पण चौथीत मुली उरतच नसत. बाप मागावर बसला की ताण्यातून आडवं सूत नेणाऱ्या त्याच्या धोट्याला सारख्या भरलेल्या कांड्या लागत, आणि रहाट फिरवून कांड्यांवर सूत भरायचं काम पोरींचं. नऊ-दहा वर्षांची पोर या कामाला अगदी नेमकी. मी तिसरीत असताना गुरुजींनी घरोघर निरोप पाठवला, की डिप्टीसाहेब तपासणीला येणार आहेत आणि मुली दिसल्या नाहीत तर पुढच्या वर्षापासून चौथी बंद होईल.

त्या काळच्या अडाणी आयांना शिक्षणाचं काय कळणार, असं आज कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्यांना काय कळत होतं ते मी पाहिलं आहे.

आई गल्लीतल्या तिघीजणींना घेऊन थेट शाळेत गेली आणि म्हणाली, "गुर्जी, शाळेची छपरी आमाले द्या. आमचे रहाट इथं मांडतो."

"बाई, ही शाळा आहे, कारखाना नव्हे," गुरुजी म्हणाले.

"रहाट घरी राह्यला तं पोरगी त्याच्यावर बसते. रहाटच घरातून आणला, मंग तिले बसवतीन कशावर?"

गुरुजींनी टोपी काढून पुन्हा घातली. शेवटी छपरी मिळाली.

रोज चौघींनी छपरीत बसून साऱ्या घरांच्या कांड्या भरायच्या आणि वस्तीतल्या बाकीच्या आयांनी त्या चौघींच्या चुली सांभाळायच्या, असं ठरलं. प्रत्येक घराचं सूत वेगळ्या टोपलीत. मधल्या सुट्टीत त्याच बायका आमच्या वेण्या घालत, उवा काढत, आणि जिची आई बाळंतीण असेल त्या पोरीला आपल्यातली भाकर देत. कोणाची पोर आली नाही तर एकजण उठून तिच्या दारात जाऊन उभी राही. दारात बाई येऊन उभी राहिली की बापाचा आवाज आपोआप खाली येई.

महिनाभर सुरळीत चाललं. मग एके दिवशी गुरुजींनी मला धडा वाचायला उभं केलं. माझा आवाज छपरीत ऐकू गेला आणि एकेक रहाट थांबला. आईसकट चौघी खिडकीशी धावल्या. त्या धांदलीत दोन टोपल्या लवंडल्या आणि आमच्या कांड्यांत शेजारच्या घरच्या कांड्या मिसळल्या. दोन्ही मागांवर जांभळंच लुगडं लागलेलं, पण सूत वेगवेगळ्या रंगाऱ्यांकडचं, आमचं गडद आणि त्यांचं फिकं. कांडी ओलीच वापरतात, आणि ओलं सूत सगळं सारखंच काळपट दिसतं. कापड वाळलं तेव्हा कुठे बाबांना दिसलं, की लुगड्याच्या मधोमध वीतभर रुंद फिका पट्टा पडला आहे. आमच्या वस्तीत बाबांच्या हाताला नाव होतं. शेटजींनी ते लुगडं चारचौघांसमोर परत केलं.

बाबा घरी आले ते ओरडतच. "उद्यापासून रहाट घरी, पोरगी बी घरी! काहून गेलती तिथं तमाशा पाहाले?"

"तमाशा नोहता जी. आपली पोरगी वाचून राहिली होती."

"मंग नेस आता तेच लुगडं! साऱ्या वस्तीले दाखव!"

मी कोपऱ्यात बसून रडत होते. माझी शाळा संपली, एवढंच मला कळलं होतं. आईने लुगडं उचललं, घडी घातली आणि उशाला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नेमके डिप्टीसाहेब यायचे होते. सकाळी बाबा मागावर बसल्यावर आई तेच लुगडं नेसली, तेही असं की पट्टा समोरच यावा. रोजच्यासारखा रहाट काखेत, मी मागे. विहिरीवर शेजारीण म्हणाली, "अवं, झाकून तरी नेस वं. पट्टा दिसून राहिला."

"दिसू दे. हा पट्टा माह्या पोरीच्या धड्याचा हाय."

शाळेत गुरुजी घाबरलेले. "बाई, आजच्या दिवस तरी रहाट नकोत."

"आजच तं पाह्यजेत," आई म्हणाली आणि दारासमोरच बसली.

डिप्टीसाहेब आले. वर्गात मुली भरलेल्या, छपरीत रहाटांची घरघर. ते काही विचारणार तोच फाटकातून बाबा तरातरा आत आले. घरी कांड्या संपल्या होत्या आणि माग थांबला होता. आता हे साहेबांसमोरच आईला ओढून नेणार, या भीतीने मी पाटी तोंडासमोर धरली.

साहेबांचं लक्ष मात्र लुगड्याकडे गेलं. "ही नवी तऱ्हा दिसते," ते म्हणाले. "मधोमध पट्टा! कोणी विणलं?"

आईने मान वर करून बाबांकडे पाहिलं. ते गप्प राहू शकले असते. आपल्या हातची खोट चारचौघांत कबूल करायला कोणत्याही विणकराची जीभ उचलत नाही.

"म्या विणलं, साहेब," बाबा म्हणाले. मग लुगड्याकडे बोट दाखवून, "पट्टा माह्या पोरीच्या धड्याचा हाय."

विहिरीवरचं बोलणं गल्लीतून त्यांच्या कानापर्यंत आलं असणार. साहेबांना काही उमगलं नाही, गुरुजींना सगळं उमगलं. त्यांनी मला हाक मारली आणि धडा वाचायला उभं केलं.

पुढच्या वर्षी चौथी बंद झाली नाही, नंतरही नाही. पण मला आठवतं ते एवढंच, की माझा आवाज निघाला तसे रहाट पुन्हा थांबले. या खेपेला बायकांनी आधी टोपल्या झाकल्या आणि मगच खिडकीशी आल्या. त्यांच्या मागे बाबा उभे होते. घरी माग अजून थांबलेलाच होता, आणि धडा संपेपर्यंत त्यांनी कांड्या मागितल्या नाहीत.