कणकेचं काडतूस

काडतूसकाकांच्या घरात झुरळ मारायला बंदी होती. झुरळ निघालंच, तर काका ते कागदावर घेऊन लिफ्टने खाली नेऊन सोडत आणि वर येताना, लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला, रानरेड्याला आडवं करणाऱ्या काडतुसाची महती सांगत.

मी पुण्याहून नोकरीसाठी सिंगापूरला आले, ती वुडलँड्सला त्यांच्याच मजल्यावर. काका रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत हिशेबनीस होते. शुद्ध शाकाहारी, बोलणं मऊ. पण 'पंचेचाळीस-सत्तर' म्हटलं की अंगात यायचं. पंचेचाळीस शतांश इंच जाडीची शिशाची गोळी आणि मागे सत्तर ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅम, बंदुकीची दारू, असं ते अमेरिकेतलं जुनं शिकारी काडतूस. मध्यंतरी लोक त्याला जवळजवळ विसरले होते. "अगं, परत नव्या रायफली निघाल्यात त्याच्यासाठी!" काका असं सांगत, जणू जुना मित्र दुखण्यातून उठून दारात उभा राहिला असावा. "घोड्याखालची कडी खाली ओढायची, रिकामं बाहेर. वर घ्यायची, भरलेलं आत. खट्-खटाक!" हे सगळं हातातल्या झाऱ्याने चालायचं. काकू भज्यांची कढई मागे सरकवायच्या.

रविवारी आम्ही पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला जायचो. रानडुक्कर दिसलं की काका सायकल थांबवत, छत्री खांद्याला लावत आणि एक डोळा मिटत. डुक्कर झाडीत शिरलं की छत्री खाली. "सोडलं," ते म्हणत. "लेकुरवाळं दिसत होतं."

गंमत म्हणजे, खरं पंचेचाळीस-सत्तर त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी ऑफिसच्या कामाने अमेरिकेला निघाले, तेव्हा मोठ्या उत्साहाने विचारलं, "काका, एखादं रिकामं आणू?"

काकांचा चेहरा उतरला. "वेडी आहेस का? इथे रिकामं सापडलं तरी तुरुंग! फोटो आण." मग हळूच म्हणाले, "एकदाच झाडायचंय गं मला. खांदा धड आहे तोवर. धक्का जबर बसतो म्हणे."

म्हणून दसऱ्याला काकू कणकेचं काडतूस करायच्या. दिव्यांच्या अवसेचे दिवे करतात तसंच, गूळ घालून. पितळेसाठी हळद, शिशाच्या टोकाला काळ्या तिळाची पूड. विळी, लॅपटॉप आणि सायकलच्या पंपाशेजारी त्याची पूजा व्हायची. त्याआधी काका व्हर्निअर लावून जाडी मोजत. उकडल्यावर ते फुगायचंच.

"अगं, हे पंचेचाळीस कुठलं? पन्नास झालंय!"

"मग पन्नास म्हणून खा," काकू म्हणायच्या आणि वर तूप वाढायच्या.

काका निवृत्त झाले आणि दोघं अमेरिकेला लेकीकडे राहायला गेले. चांगी विमानतळावर त्यांना सोडून आल्यावर त्या बंद दाराकडे मला बघवेना.

पुढच्या दसऱ्याला त्यांचा व्हिडिओ कॉल आला. "झाडलं!" काका नमस्कारही न करता ओरडले. लेकीच्या शेजाऱ्याने त्यांना आदल्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर नेलं होतं. "खट्-खटाक केलं आणि झाडलं! नेम कुठे गेला कोण जाणे, मी डोळेच मिटून घेतले होते."

मग सदऱ्याची गुंडी काढून त्यांनी खांदा दाखवला. वांग्यासारखा जांभळा झाला होता. कौतुकाने मिरवत होते. शेजारी काकू वाटी घेऊन लेप लावत होत्या. "इतकी वर्षं या हळदीने काडतुसं रंगवली," त्या म्हणाल्या, "आता यांना रंगवतेय."

मी स्वयंपाकघरातून ताटली आणली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. माझं पहिलंच कणकेचं काडतूस. काका चष्मा सावरून पुढे वाकले.

"फुगलंय," ते म्हणाले.

समोर दिसत असतानाच मला त्या दोघांची फार आठवण आली. तूप घेतलं आणि पन्नास म्हणून खाल्लं.