ड्रायव्हरला ठाऊक होतं

दिल्लीत द्वारकेच्या मेट्रोत शेजारच्या मुलीने मला हिंदीत विचारलं, "आंटी, उतरताना तिकीट कुठे दाखवायचं?" पंचविशीची, मोठ्या घरची दिसत होती.

"पहिल्यांदाच बसलीस?"

"हो. आमच्या गाडीत बसवेना. पप्पांचा दुसरा संसार आहे, आज सकाळी कळलं. ड्रायव्हरभैयांना मी दुसरीत असल्यापासून ठाऊक होतं."

तेवढ्यात त्याचाच फोन आला. "भैया, तुम्ही जेवून घ्या. मी येत नाही," ती हळूच म्हणाली.

"त्याचा राग नाही आला?"

"सायकल त्यांनीच शिकवली मला. पप्पांना वेळच नसायचा..."

बोलता बोलता ती थबकली आणि माझ्याकडे बघत राहिली. तो वेळ कुठे जात होता, हे तिला त्या क्षणी उमगलं असावं.

माझं स्टेशन येऊन गेलं. मला तिच्याजवळून उठवेना.