डाव्या हाताचा ओटा

माझा उजवा हात गेला. गेला म्हणजे आहे, खांद्याला आहे, त्याला मी रोज तेल लावते, बांगडीही घालते. फक्त तो माझं ऐकत नाही. लकव्याचा झटका आला तेव्हा मी ओट्यापाशी वरणाला फोडणी देत होते. मोहरी तडतडली आणि हातातली पळी खाली पडली, इतकंच आठवतं. पुढचं सगळं चिंचपाड्याच्या दवाखान्यातलं. तिथल्या माणसांनी मला चालतं केलं, बोलतं केलं. बोलतं जरा जास्तच केलं, असं आमच्या घरातल्यांचं म्हणणं आहे.

नंदुरबारला घरी आले, पाय ओढत का होईना हिंडायला लागले, आणि मला एकाच गोष्टीचा ध्यास लागला. माझ्या हातची भाकरी माझ्या माणसांच्या ताटात पडली पाहिजे. शाळेत इतकी वर्षं मराठी शिकवलं, सत्कार झाले, शाली मिळाल्या, पण मला विचाराल तर मी भाकरी थापणारी बाई. आमच्याकडची कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, थापायला नाठाळ. कडा फुटतात. माझ्या नाही फुटायच्या. याचा मला गर्व होता आणि अजून आहे, उगाच खोटं कशाला बोलू?

पण हात उरला तो डावा. आणि डाव्या हाताचं काय ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्या हातात प्रसाद घ्यायचा नाही, त्या हातानं वाढायचं नाही, अन्नाला लावायचाच नाही. मी स्वतः कितीतरी दिवस चमच्यानं जेवले, तेही भिंतीकडे तोंड करून. आमच्या सासूबाईंना घरात सगळे माय म्हणतात. नव्वदीच्या घरात आल्या, पण कान-डोळे शाबूत. मी डाव्या हातानं पाण्याचा तांब्या पुढे केला की त्या म्हणायच्या, "ठेव तठे." मी तो खाली ठेवायचा आणि मग त्यांनी उचलायचा. बाकी एक शब्द नाही. अहो, त्या ओरडल्या असत्या तर मी कडाकडा भांडले असते! भांडणात मी कुणाला हार जाणारी नाही. पण त्या साध्या सुरात म्हणायच्या, त्याच्याशी भांडायचं कसं?

आमच्या सुनेला हे सगळं दिसत होतं. मुलगा धडगावला सरकारी नोकरीत, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. घर चालतं ते सुनेवर, तीही शाळेत शिकवते. एके दिवशी ती शाळेतून आली, पर्स कोपऱ्यात टाकली आणि म्हणाली, "मम्मी, आपण किचनच नवीन करू. तुमच्या मापाचं."

"माझ्या मापाचं म्हणजे?"

"बसून करता येईल असं. आणि डाव्या हाताला सोयीचं."

मी म्हटलं, "नसती उठाठेव. स्वयंपाकाला बाई लाव आणि मोकळी हो." तोंडानं असं म्हटलं खरं, पण आत असा आनंद झाला की काय सांगू. त्या पोरीला माझं मन कळलं होतं. देवाचे आभार मी मानतेच, पण आधी सुनेचे मानते.

मग सुरू झाली तीन माणसांची तीन तोंडं. सुनेनं मोबाइलवर शंभर स्वयंपाकघरं बघून ठेवलेली. तिला सगळं पांढरंशुभ्र हवं होतं. मी विचारलं, "बाळ, आपण राहतो कुठे? हिवाळ्यात खिडकी उघडली की मिरचीच्या बाजाराचा ठसका घरात येतो. हळद, तिखट, तेल, आणि त्यात तुझा पांढरा ओटा? दोन दिवसांत होळी खेळल्यासारखा दिसेल."

आमच्या ह्यांची तऱ्हा वेगळीच. त्यांच्या डोक्यात फक्त सोय. भिंतीला जागोजागी स्टीलचे दांडे, रबराची फरशी, रंग क्रीम. कागदावर त्यांनी काढलेलं चित्र बघून माझं डोकंच फिरलं. "हे स्वयंपाकघर आहे की दवाखान्यातली मोरी? मला आजारी बाईचं स्वयंपाकघर नको! एक हात गेला म्हणून डोळेपण गेले का माझे? मला छान दिसणाऱ्या जागेत बसून भाकरी करायची आहे."

ह्यांनी बिचाऱ्यांनी कागदाची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "तू पडशील, मन्हं इतलंच म्हननं शे." रागाच्या भरातही मला त्यांच्याबद्दल माया वाटली. माणूस माझ्या पडण्याला भ्याला होता, आणि ते धड सांगता येत नव्हतं म्हणून दांडे काढत सुटला होता.

तोड सुनेनं काढली. ओट्याच्या कडेनं एक लांब पितळी रंगाची दांडी लावायची. बघणाऱ्याला वाटेल नॅपकिन लटकवायला आहे, आणि लटकवायचेसुद्धा. पण बसवायची इतकी भक्कम की माझा सगळा भार तिनं घेतला पाहिजे. रंगावर मात्र मी अडून बसले. मला मोरपंखी हवा होता. ट्रॉल्या मोरपंखी, वर करडा, ठिपक्याठिपक्यांचा दगड. त्यावर पिठाचा कण दिसत नाही आणि तिखटही दिसत नाही. पहिल्यांदा सून आणि हे दोघं एकदम "हो" म्हणाले.

फर्निचरचं काम आमच्या जुन्या मिस्तरींकडे. त्यांचं घराणं गावात पिढ्यान्‌पिढ्या सुतारकाम करतं, माझ्या लग्नातलं कपाट त्यांच्या वडिलांनी केलेलं. त्यांनी मला प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं, कोपराची उंची घेतली, आणि ओट्याचा खिडकीकडचा भाग तेवढा खाली उतरवला. त्याखाली कपाट नाही, मोकळी जागा, गुडघे आत जातात. बाकीचा ओटा नेहमीच्या उंचीचा, सुनेला उभं राहून करता यावं म्हणून. ट्रॉल्यांना मुठी नाहीत, वरच्या कडेला लांबलचक खाच. सुनेला ती दिसायला आवडली आणि मला चार बोटं अडकवून ओढता येते. पिठाचा डबा ट्रॉलीतच बसवला, झाकण सरकवायचं. घट्ट झाकणाच्या डब्यांचा मला किती संताप यायचा ते एका हाताच्या माणसालाच कळेल.

सगळं ठरत आलं आणि मग परातीनं घोळ घातला. दगड बसवायच्या आधी सून म्हणाली, एकदा करून बघा. खालच्या उंचीवर फळी टाकली, परात ठेवली, पीठ मळलं. मी डाव्या हातानं थापायला लागले की परात फिरायची. परात फिरली की भाकरी एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला फाटायची. पूर्वी दुसरा हात धरायचा हो तिला, लक्षातच यायचं नाही. ह्यांनी धावत येऊन दोन्ही हातांनी परात धरली. पुढचे काही दिवस रोज सकाळी मी थापायची आणि हे समोर बसून परात धरायचे, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. मला हसूही यायचं आणि रडूही.

"आता तू थाप, मी शे ना," हे म्हणायचे.

"आणि तुम्ही शेतावर गेलात की? परात धरायला शेजाऱ्यांना बोलावू?"

मग मला सुचलं. मी मिस्तरींना म्हटलं, दगडालाच परातीच्या बुडाएवढा गोल खड्डा करा. परात त्यात बसेल आणि हलणार नाही.

मिस्तरींनी कपाळाला हात लावला. "भाभी, इतना अच्छा पत्थर और उसमें गड्ढा? लोग मुझे हसेंगे."

"लोकांना माझ्याकडे पाठवा. मी हसवते त्यांना."

ह्यांनाही दगड खराब करणं जिवावर आलं होतं. पण दगडवाल्यानं तो खड्डा असा सुबक कातून, कडा गुळगुळीत करून दिला की आता पाहुणे येतात ते सगळ्यात आधी त्यावरच हात फिरवतात. त्याच्या डाव्या अंगाला, अगदी लागून, दगडात उतरवलेली शेगडी. म्हणजे तवा परातीच्याच पातळीला. परातीत ओलं फडकं अंथरायचं, त्यावर भाकरी थापायची, आणि फडकं एका हातानं उचलून तव्यावर पालथं घालायचं. सुरुवातीला चारपाच भाकऱ्या शेगडीवर, एक ह्यांच्या पायावर. मग जमलं. पहिली टम्म फुगली तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की सून साबणाच्या हातांनी धावत आली.

आमचं सगळं घरच उलटं झालं त्या स्वयंपाकघरामुळे. नळ डावीकडे, चमचे डावीकडे, मिठाची बरणी डावीकडे. सून अजून कधीकधी उजवीकडे हात घालते आणि हवेत चाचपडते. हे चहा करायला जातात आणि साखरेऐवजी तांदूळ काढतात. पण "आम्हाला अडचण होते" असं एकानंही एकदासुद्धा म्हटलं नाही. माझ्या एका हातासाठी त्यांनी आपले दोन-दोन हात नव्यानं शिकवले. हे उपकार मी कुठे फेडू?

ह्यांना, सुनेला, शनिवारी मुलाला, सगळ्यांना मी भाकरी वाढायला लागले. ते खायचेही मिटक्या मारत. फक्त मायच्या ताटात सून आपली पोळी वाढायची. असं कुणी ठरवलं नव्हतं, कुणी बोललंही नव्हतं. मायनं कधी माझी भाकरी मागितली नाही आणि मी कधी विचारलं नाही. विचारलं आणि त्या नाही म्हणाल्या, तर त्या मोरपंखी ट्रॉल्या घेऊन मी काय करणार होते? लग्न होऊन आले तेव्हा भाकरी थापायला मला त्यांनीच शिकवलं होतं. तिकडून जोवर होकार नाही तोवर ते स्वयंपाकघर मला माझं वाटेना. सुनेला वाईट वाटेल म्हणून हे मी तिला सांगितलं नाही.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे आखाजीला पितरांची घागर भरायची आणि त्यांच्या नावानं आगारी टाकायची, म्हणजे निखाऱ्यावर नैवेद्याचा घास आणि तूप सोडायचं. आता बघा गंमत. इतकं सगळं डोकं लावून बांधलेल्या स्वयंपाकघरात निखारा ठेवायला जागाच नाही! आम्हा तिघांपैकी एकालाही ते सुचलं नव्हतं. सून म्हणाली, मागच्या गॅलरीत करू. माय म्हणाल्या, "आगारी काय रस्तावर टाकतंस? चुल्हाजोडे टाकतंस." शेवटी ह्यांनी मिस्तरी विसरून गेलेलं घमेलं शोधून आणलं, त्यात वाळू भरली, वर पेटती गोवरी ठेवली आणि ते नव्या फरशीवर शेगडीजवळ मांडलं. धूर झाला तशी सुनेनं चिमणी सुरू केली. भुर्रर्र आवाज, गोवरीचा वास, आमरसाचं पातेलं, आणि मध्ये धोतर नेसून पाटावर बसलेले हे. मला हसू आवरेना.

सुनेनं ताट वाढलं. पुरणपोळी, आमरस, भजी, कुरडई. सगळं तिच्या हातचं, पहाटेपासून खपली होती पोरगी. मी खिडकीपाशी माझ्या स्टुलावर बसून होते. पितरांच्या ताटाजवळ डावा हात नको म्हणून त्या दिवशी मी कशालाच हात लावला नव्हता.

माय खुर्चीवरून वाकल्या, ताट बघत राहिल्या आणि मग माझ्याकडे बोट दाखवलं.

"हिना हातनं काय शे ताटमा?"

सून माझ्याकडे बघायला लागली. "काही नाही, माय. सगळं मी केलंय."

"भाकर कोठे शे? त्यास्ले कळनानी भाकर आवडे."

त्यास्ले म्हणजे माझ्या सासऱ्यांना. खरंच होतं ते. सणाच्या दिवशीसुद्धा पुरणपोळी बाजूला सारून ते भाकरी मागायचे. मी कसंबसं म्हटलं, "माय, माझा हात डावा. पितरांच्या ताटात कसं चालेल?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. "डावा-उजवा आपलासाठे शे. त्यास्ले मन्ही सुननी भाकर जोयजे. थाप."

माझी भाकर पाहिजे म्हणाल्या! मला ओटा दिसेना, डोळे इतके भरले. सुनेनं पटकन परात मांडली, पीठ काढून दिलं. मी मळलं, थापलं, फडकं उचलून भाकरी तव्यावर टाकली. ती फुगली. ह्यांनी तिचा तुकडा मोडला, तूप लावलं आणि वडिलांचं नाव घेऊन निखाऱ्यावर ठेवला. मी हात जोडायला गेले तर एकच हात वर आला, तोच कपाळाला लावला.

पाणी फिरवून झालं, गोवरी विझत आली, जेवणं वाढायची वेळ झाली. सून पुरणपोळीचं ताट घेऊन मायकडे निघाली. मायनं तिला हातानं थांबवलं आणि खुर्ची माझ्या ओट्याजवळ ओढायला लावली.

"माले बी एक टाक," मला म्हणाल्या. "गरम."

आणि ताट मांडीवर घेऊन बसल्या.