जावईबापूंनी जोडलेली नळी

घरजावई असतो तशी मी घरसासू आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हणून चार दिवस लेकीकडे आले. डोळा बरा झाला आणि मी मात्र इथेच दिसत राहिले. खिडकीपाशी माझी खुर्ची, समोर जेवायचं टेबल, आणि त्या टेबलावर जावईबापूंचे कागद.

लेक शाळेत गणित शिकवते आणि नवऱ्याला अरे-तुरे करते. मी जावयाला अहो-जाहो करते. लेक म्हणते, दोन्हींची सरासरी काढली की त्याला पाहिजे तेवढाच मान मिळतो.

जावईबापू इस्पितळाच्या लॅबमध्ये आहेत. कोणाच्या जखमेतलं, कोणाच्या घशातलं, कोणाच्या रक्तातलं थोडंथोडं तिथे येतं. ते बशीसारख्या प्लेटमध्ये पसरायचं, उबेत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलंय ते बघायचं. लग्न ठरताना मी म्हटलं होतं, "म्हणजे शेतीच की ही." तर म्हणाले, "हो, पण पीक जोरात आलं की घरात कोणी हसत नाही." एवढ्या एका उत्तरावर मी लेक देऊन टाकली. अर्थात लेकीने स्वतःला आधीच देऊन टाकलं होतं, ही गोष्ट वेगळी.

माणूस कसा, तर कुठे काही ठिबकलं की यांच्या जिवाला घोर. कोटाच्या खिशात लहानसा पाना कायमचा. आमच्या घरात नळ ठिबकत नाही, खिडकी वाजत नाही, दार करकरत नाही. पाहुणे म्हणून कुठे गेलो तरी हे चहा प्यायच्या आधी त्यांच्या मोरीत जाऊन येतात. इस्पितळात सगळे त्यांना पानाभाऊ म्हणतात, आणि हाक मारली की हे ओ देतात.

दुसरी खोड हुंगण्याची. दूध, उशी, नवी चप्पल, सगळं आधी नाकाला. लॅबमध्येही जुनी माणसं जंतू वासावरून ओळखत असत म्हणे. आता तसं करायला बंदी आहे, कारण हुंगता हुंगता जंतूच आत जायचा. पण झाकण उघडल्यावर वास आला तर नाक काय खिशात ठेवायचं?

तर झालं असं, की लॅबमध्ये वरची एक जागा निघाली. इतकी वर्षं जावईबापूंच्या हाताखाली शिकलेली मुलं त्यांच्या पुढे निघून गेली, कारण वर जायचं तर मासिकात छापलेला लेख लागतो, आणि त्यावर पहिलं नाव आपलं लागतं. यांचं नाव आजवर कधी चौथं, कधी पाचवं, नाहीतर शेवटी आभारात. लॅबच्या प्रमुख डॉक्टरीणबाई, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी या वेळी स्वतःहून सांगितलं, "पानाभाऊ, हा लेख तुमचा. पहिलं नाव तुमचं. मुलाखतीच्या आधी तो मासिकाकडे पोचलाच पाहिजे."

लेखाला विषयही तसाच सापडला होता. सात रोग्यांच्या जखमांत एक जंतू उगवला होता, जो जखमांत सहसा कोणी बघत नाही. ओल्या मातीत, पाण्यात राहणारा. सातही जण वेगवेगळ्या वॉर्डांतले, वेगळे डॉक्टर, वेगळे आजार. एकाचा दुसऱ्याशी काही म्हणता काही संबंध नाही. मग सगळ्यांना एकच जंतू आला कुठून? ते कळत नाही, हीच त्या लेखातली गंमत.

"वास कसा आहे?" मी विचारलं.

"सोललेल्या बटाट्यासारखा. लेखात लिहिलं होतं मी, मोठ्या बाईंनी ती ओळ उडवली. म्हणाल्या, हुंगू नये असा आपलाच नियम, आणि हुंगलं म्हणून आपणच लिहून द्यायचं?"

लेख लिहायचा मासिकाच्या भाषेत, पण जावईबापूंची रीत अशी, की प्रत्येक वाक्य आधी आपल्या साध्या बोलीत मला म्हणून दाखवायचं. जेवण झालेलं, खुर्चीत ऊन आलेलं. ज्या वाक्याला मी पेंगले ते वाक्य लांब झालं असं समजून ते त्याचे दोन तुकडे करायचे. पहिल्या पानावर तर माझ्या घोरण्यामुळे इतके तुकडे पडले, की लेक म्हणाली, "आई, तुझंही नाव घालायला हवं याने."

"कितवं?"

"झोपेच्या मानाने पहिलंच."

मासिकाचे नियम म्हणजे विहिणीची यादी परवडली. समास किती सोडायचा, तक्त्याला रेघा कुठे मारायच्या, शब्द किती. शब्द जास्त झाले म्हणून जावईबापू एकेक विशेषण असं काढत होते, जसे काही स्वतःचे दात काढताहेत. त्यात एका जखमेचा फोटो छापायचा होता, त्यासाठी रोग्याची सही हवी. तो रोगी म्हणजे एक म्हातारे निवृत्त पोस्टमन, पायाच्या जखमेसाठी आलेले. जावईबापू कागद घेऊन गेले, तर पोस्टमनकाका उठूनच बसले.

"जगात फारसा कोणाला होत नाही, असा जंतू मला झाला?"

"तसंच दिसतंय."

"जन्मभर लोकांची पत्रं पोचवली, साहेब. माझ्या नावाचं कधी काही आलं नाही. आणा तो कागद."

मग त्यांनी सगळ्या वॉर्डाला पाय दाखवला. त्या जंतूसाठी त्यांना शिरेतून जबर औषध चालू होतं. त्याने त्यांना अन्न गोड लागत नव्हतं, घरीही सोडत नव्हते. पण अभिमान इतका, की तक्रार करायला सवड नव्हती.

असा लेख पुरा होत आला. राहिला होता फक्त 'काय केलं, कसं केलं' हा भाग. त्यात मासिकाचा नियम असा, की वापरलेली एकूणएक वस्तू लिहायची आणि ती कुठून आली तेही लिहायचं. रविवारची दुपार होती. जावईबापू म्हणून दाखवत होते आणि मी एका डोळ्याने ऐकत होते.

"प्लेटा तयार आणल्या, अमुक कंपनीच्या. कापसाची काडी, तमुक कंपनीची. घट्ट नमुना असेल तर तो आधी मिठाच्या निर्जंतुक पाण्यात मिसळला. ते पाणी..."

आणि गप्प झाले. मला वाटलं मी घोरले.

"जागी आहे हो मी," मी म्हटलं.

त्यांचं लक्ष नव्हतं. "ते पाणी लॅबमध्येच तयार केलेलं," ते हळूच म्हणाले. मग तक्त्याचा कागद ओढला. नमुना किती वाजता लावला, तो रकाना बोटाने वरून खाली वाचत गेले. पुन्हा खालून वर वाचला.

"काय झालं?"

"आई, सातही नमुने सकाळचे आहेत. दिवसातला पहिला नमुना. सातही."

एवढं बोलून चपला घालून निघून गेले. लेक आतून म्हणाली, "रविवारचा कुठे निघाला हा?" मी म्हटलं, "मला काय माहीत. माझा यात काही दोष नाही, मी जागी होते."

संध्याकाळी परत आले. लेक ओट्यापाशी उभी होती. हे दारातच थांबले आणि एकच शब्द बोलले.

"बटाटा."

"पिशवी आणलीस का मग?" लेक म्हणाली.

"बटाट्याचा वास आला. नळीला."

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. मिठाचं पाणी उकळून, निर्जंतुक करून लॅबमध्ये एका डब्यात ठेवतात. डब्याला तोटी आहे. ती तोटी ठिबकत असे. आता लॅबमध्ये दिवसभर टप टप होतंय आणि जावईबापू शांत बसलेत, असं घडेल का? त्यांनी पाना काढला, तोटी आवळली, तरी थेंब थांबेना म्हणून तिच्या तोंडाला रबरी नळीचा एक तुकडा टोक वर वळवून जोडला. ठिबकणं बंद. सगळ्यांनी वाहवा केली. पाणी शुद्ध, डबा शुद्ध, पण त्या वीतभर नळीत पाणी रात्रभर साचून राहायचं, आणि तिथे या जंतूने संसार थाटला होता. सकाळी पहिल्यांदा तोटी उघडली की पहिल्या नमुन्यात तो उतरायचा. पुढच्या नमुन्यांना ताजं पाणी. सात जणांचा एकमेकांशी संबंध नव्हता हे खरंच होतं. संबंध होता तो पानाभाऊंशी.

"म्हणजे त्या माणसांना तो जंतू नव्हताच?" लेकीने विचारलं.

"नव्हता. नळीतलं पाणी प्लेटवर लावलंय. दोन दिवसांत उगवेल. पण मला कळलंय."

लेक स्टुलावर बसली. गणितवाली बाई, तिने लगेच हिशेब मांडला. नळी काढून कचऱ्यात टाकली तर जंतू उद्यापासून बंद. कोणी विचारणार नाही. लेख तयार आहे, मुलाखत तोंडावर आहे, आणि स्रोत सापडला नाही असं लेखात लिहिलेलंच आहे. हे सगळं ती मोठ्याने बोलली. करावं म्हणून नव्हे, आहे ते असं आहे म्हणून.

जावईबापूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोस्टमनकाकांचं औषध अजून चालू आहे ना."

लेक उठली, त्यांच्या हातात फोन दिला आणि म्हणाली, "मग दोन दिवस कसली वाट बघतोस? कर बाईंना फोन." मला माझ्या लेकीचा राग येतो तेवढाच अभिमानही वाटतो, आणि दोन्ही बहुतेक एकाच वेळी.

मोठ्या बाई रविवारच्या घरच्या कपड्यांत लॅबमध्ये आल्या. हेही परत गेले. तिथे काय झालं ते जावईबापूंनी मला जसं सांगितलं तसंच लिहिते. बाईंनी नळी बघितली, तक्ता बघितला. मग पहिल्यांदा वॉर्डात फोन लावला आणि तिथल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते जबर औषध त्याच दिवशी बंद झालं. त्यानंतर खुर्चीत बसून म्हणाल्या, "पानाभाऊ, तुम्हाला काही ठिबकलेलं सहन होत नाही, हे ठाऊक असून मी रोज ती नळी बघत होते. छान केलंत म्हणाले होते मी."

"लेख फाडतो मी, बाई."

"फाडा. आणि दुसरा लिहा. दुसऱ्या लॅबमध्येही कोणी पाना घेऊन फिरत असेल. त्याला कळायला नको?"

"नाव?"

"नळी तुमची, पहिलं तुमचं. ती बघून मी गप्प बसले, म्हणून शेवटचं माझं. आणि या वेळी वासाची ओळ ठेवा. आता नियमाची लाज बाळगण्यात काय राहिलंय."

बाकी सहा जणांकडे वॉर्डाचे डॉक्टर जाऊन बोलले. पोस्टमनकाकांना सांगायला मात्र जावईबापू स्वतः गेले. दोन रात्री वाक्य जुळवत होते. तोवर प्लेटवर जंतू उगवला होता, शंकेला जागा नव्हती. काकांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे तो माझा नव्हताच?"

"नाही, काका. चूक माझी. तुम्हाला उगाच औषध सोसावं लागलं. मी माफी मागायला आलोय."

काकांनी पायाकडे बघितलं. "म्हणजे चुकीच्या पत्त्यावर आलेलं पाकीट," ते म्हणाले. "अहो, मीही टाकलीत तशी. पण परत जाऊन दार वाजवायला पाय उचलत नाही माणसाचा. तुम्ही आलात." मग म्हणाले, "फोटो पण नाही का मग छापणार?"

"नळीचा छापणार आहे."

"तिची सही घेतलीत का?"

जावईबापू घरी येऊन हे सांगताना हसले, आणि मग चष्मा पुसत बसले. मी खिडकीबाहेर बघितलं. जावयाचा चष्मा सासूने फार बघू नये.

मुलाखत झाली. नवा लेख तेव्हा अर्धाच होता. जागा दुसऱ्या एका हुशार मुलीला मिळाली, तीही यांच्याच हाताखाली शिकलेली. जावईबापूंनी तिला तिच्या नव्या खोलीचं दार करकरत होतं, त्याला तेल घालून दिलं. लेक त्या दिवशी नुसती भांडी घासत होती, आणि ती भांडी आधीच घासलेली होती.

नवा लेख त्यांनी त्याच टेबलावर लिहिला, मला म्हणून दाखवत. नळी कोणी जोडली, का जोडली, कितीदा कौतुक झालं, सगळं. एकदाही वाक्य तोडावं लागलं नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, "आई, बरं नाही का? आज पेंगला नाहीत."

"पुढे काय होतं ते ऐकायचं होतं," मी म्हटलं.

मासिकाने दोनदा काही काही विचारलं, यांनी उत्तरं दिली, आणि लेख छापला. पहिलं नाव जावईबापूंचं. एक प्रत पोस्टमनकाकांना पोस्टाने पाठवली, कारण ते म्हणाले होते की आणून देऊ नका, रीतसर येऊ द्या. पाकिटावर नाव त्यांचंच होतं.

लॅबमधल्या त्या डब्याची तोटी आता ठिबकते. तिला काही जोडायचं नाही असा नियम झाला आहे, तो यांनीच लिहून भिंतीवर लावलाय. खाली एक वाडगा ठेवलाय. पहिले काही दिवस हे कानात कापूस घालून काम करत होते. परवा जेवताना म्हणाले, "आता सवय झाली. ठिबकतं तर ठिबकू दे. माणसाने एवढं मनाला लावून घेऊ नये."

लेक म्हणाली, "बरं झालं. मोरीतला नळ सकाळपासून ठिबकतोय, तुला सांगणार नव्हते."

घास तसाच ताटात ठेवून ते उठले. मी कोट कुठे टांगलाय ते बोटाने दाखवलं.